आबांच्या जागेचे चार दगड

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही पाथर्डीकडचे गाव सोडले, तेव्हा ट्रक वेशीबाहेर उभा होता आणि माझे वडील, आबा, त्याच्या चाकांकडे बघत होते. माझ्याकडे बघत नव्हते. ऊसतोडीला आमची माणसे दरसाल जातात आणि उन्हाळ्यात परततात. त्या जाण्याला कोणी डोळे पुसत नाही. पण या वेळी मी दळणाचे जाते ट्रकात चढवले होते. जाते हलले की बिऱ्हाड हलले, हे सगळ्यांना कळते.

"जातं नेतूस, अन् म्हातारा ठेवतूस व्हय?" आबा म्हणाले.

"तुम्हीही चला की."

"आदी जागा तर बघ. मंग बघू."

तुम्ही जे तिथे राहिलात आणि जे माझ्यामागून इकडे आलात, त्या तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे.

ऊसतोडीत आपली एक रीत आहे. एकदोघे पुढे जातात आणि प्रत्येकाच्या कोपीसाठी, म्हणजे पाचटाच्या झोपडीसाठी, चार दगड मांडून ठेवतात. गावात ज्याचे दार ज्याच्या शेजारी, त्याची कोपी तिथेही त्याच्याच शेजारी. साखर कारखान्याने कायमच्या कामगारांना पाटाकडेची पडीक जमीन घरांसाठी दिली, तेव्हा आपल्यातला मी पहिला होतो. वजनकाट्यावर काम करतो, त्यामुळे अंदाजाने काही करणे मला जमत नाही. दोरीने मापून दगड मांडले. माझ्या उगवतीला आबांची जागा ठेवली, गावात त्यांची खोली आहे तशीच.

दोन वर्षांत एकेक करून सगळे आले. आबांच्या दगडांत तेवढे गवत वाढले. सणावारी माझी बायको आधी ते उपटायची, मग आपले अंगण सारवायची. तिकडून येणारी एसटी पुलावर वाजली की हातातले काम थांबायचे. बाहेर जाऊन बघायचो आणि परत यायचो.

रहीमभाई जामखेडचे, पत्र्याचे डबे आणि बादल्या करणारे. गोदामाच्या पडवीत बायको आणि दोन मुलींना घेऊन राहत होते. एक दिवस ते माझ्या दारात आले. "भाऊ, तुमच्या दगडांत गवत ऐसपैस राहतं. माझ्या पोरींनाच जागा न्हाई."

"ती आमच्या आबांची आहे."

"असू दे की. आबा येणार कधी?"

मी आपल्या माणसांना विचारले. आपल्यातल्या काहींनी बजावले, दगड हलवू नको, म्हातारा ऐनवेळी आला तर काय?

त्याच सुमारास झेंडावंदनाला शाळेच्या गुरुजींनी भाषणात माझे नाव घेतले आणि मला या वसाहतीचा 'पायोनियर' म्हटले. टाळ्या पडल्या. न तपासलेला शब्द अंगावर घ्यायला मला आवडत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन कोश उघडायला लावला. आजचा अर्थ, नव्या मुलखात पहिला पाय ठेवणारा. त्याआधीचा अर्थ मात्र निराळा निघाला. फौजेच्या पुढे कुदळ-फावडे घेऊन चालणारा, झाडे तोडून, खड्डे बुजवून मागच्यांना वाट करून देणारा शिपाई. आणखी मागे गेले तर नुसता पायदळातला माणूस. आणि अगदी मुळाशी लॅटिनमधला पाय.

पुढच्या सुट्टीला गावी गेलो, तेव्हा आबांना हे सांगितले. ते हसले. "तुला आज कळलं व्हय? लडाईत मी पायनेरच हुतो."

ते फौजेत होते हे मला माहीत होते. गावातली पोरे त्यांना 'बिनबंदुकीचा शिपाई' म्हणून चिडवायची, म्हणून आम्ही घरात तो विषय काढत नसू. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलात त्यांनी रस्ता खणला होता, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

मग मी रहीमभाईंचे सांगितले. "आबा, आता या. नाहीतर जागा जाईल."

ते तंबाखू मळू लागले. "आमी रस्ता केला, तवा मागनं कोन येनार ह्ये कुनी सांगितलं हुतं का? खनायचं अन् फुडं सरकायचं. ज्याला पाय टेकाया जागा न्हाई, त्याला दिऊन टाक."

"मग तुम्ही कधीच येणार नाही."

"पावना म्हनून यीन की. पावन्याला जागा लागत न्हाई, च्या लागतो."

परत आल्यावर मी रहीमभाईंना होय म्हटले. आठवड्याच्या आत तिथे पत्र्याचे घर उभे राहिले. त्यांनी दगड फेकले नाहीत. तीन चुलीला लावले, चौथा दाराशी बसायला ठेवला. दिवाळीत आबा आले ते त्याच दगडावर बसले. "माझी जागा हीच न्हवं?" त्यांनी विचारले. रहीमभाईंच्या धाकटीने बशीत चहा ओतून दिला. संध्याकाळच्या गाडीने ते परत गेले.

एसटी वाजली की अजूनही मी बाहेर येतो. कोणासाठी, ते आता सांगता येत नाही. इथे माझ्या उगवतीला दुसऱ्याची चूल पेटते आणि तिचा धूर बघून मला बरेही वाटते. गावच्या घरात जाते होते तिथे जमिनीवर एक गोल खूण आहे. मागच्या खेपेला मी तिथे ज्वारीची कणगी सरकवायला गेलो, तर आबांनी हात धरला.

"तिथं नगं. जात्याची जागा हाय ती."