तळ्यावरचा कापूस

आमची शाळा दोन मास्तरांची, पण किस्से दहा मास्तरांना पुरून उरतील एवढे. कारण शाळेपासून अर्ध्या मैलावर गुफा होती आणि गुफेच्या पोटात तळं. केळापूरच्या बाजूला कोणीही पाहुणा आला की त्याला आमच्या गावी आणायचं आणि आम्ही तळं दाखवायचं, हे ठरलेलंच. हेडमास्तर देवतळे गुरुजी, मी आणि वाट दाखवणारा लच्छूदादा कोलाम, असे आम्ही तिघे. सत्तावन्न सालापासून पुढं सात-आठ वर्षं आम्ही हे काम केलं. आता तिघांत मी एकटाच उरलो, म्हणून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

तळ्याची एक गंमत आधी सांगतो. पाणी इतकं नितळ आणि निश्चल, की कंदिलाच्या उजेडात दिसायचंच नाही. तळाचा खडक तेवढा दिसायचा. नवखा माणूस सरळ चालत जाऊन कमरेपर्यंत भिजणार! म्हणून लच्छूदादा कनवटीला कापूस ठेवायचा. काठ आला की चिमूटभर पुढं टाकायचा. कापूस तरंगला की लोकांना पाणी कळायचं. निघताना तुरीच्या काडीनं तो परत काढून घ्यायचा.

"माह्यासंगं आला त्याचा पाय ओला झाला नाही," असं तो म्हणायचा आणि ते अगदी खरं होतं.

*

एकदा शाळा तपासायला इन्स्पेक्टर आले. सकाळभर मुलांना पाढे विचारून त्यांनी आमचा जीव नकोसा केला. दुपारी गुरुजींनी त्यांना गुफेत नेलं. काठावर उभे राहून ते म्हणाले, "कुठं आहे तळं? मला बनवता काय?"

लच्छूदादानं कापूस टाकला. तो इन्स्पेक्टरांच्या बुटापासून वीतभर अंतरावर हलकेच डोलू लागला. साहेब दोन पावलं मागं सरकले.

संध्याकाळी त्यांनी वहीत शेरा लिहिला, "शाळा उत्तम." सतराचा पाढा एकाही मुलाला आला नव्हता.

*

गुरुजींचे मेहुणे नागपूरचे. त्यांना आमच्याकडचं काहीच मोठं वाटायचं नाही. तळं पाहून म्हणाले, "ठीक आहे. पण आमच्याकडे तलावात बोटी चालतात."

गुरुजी शांतपणे म्हणाले, "इथं नाही चालायच्या. बोटवाल्याला आधी पाणी दिसलं पाहिजे ना!"

हे वाक्य गुरुजींनी पुढं वर्षभर वापरलं. मीही दोनदा आपलं म्हणून खपवलं.

*

दिग्रसचे एक कापसाचे व्यापारी आले होते. लच्छूदादानं नेहमीसारखा कापूस टाकला. सगळे तळ्याकडे पाहत राहिले. हे गृहस्थ मात्र गुडघ्यावर बसले, तो पुंजका उचलला, बोटांनी धागा ओढून पाहिला आणि म्हणाले, "माल मागच्या सालचा दिसून राह्यला."

लच्छूदादाला ते फार लागलं. त्या दिवसापासून तो तळ्यासाठी पहिल्या वेचणीचा कापूस वेगळा काढून ठेवू लागला. घरच्या गादीत जुनाच भरायचा.

*

महाराष्ट्र झाला, त्यानंतरच्या हिवाळ्यात निरोप आला की गुफा दाखवायला शिकलेला, परवानगीचा गाईड नेमायचा आहे. जिल्ह्याचे साहेब त्याला घेऊन येतील आणि पसंत पडला तर पुढं कोणालाही आत नेण्याचा हक्क त्याचाच.

आदल्या दिवशी लच्छूदादा शाळेच्या पायरीवर येऊन बसला. "गुरुजी, माह्या आजानं वासरू धुंडता धुंडता हे पानी पाह्यलं. आता मले माह्याच तळ्यावर जाऊ देनार नाही काय?"

आम्हा दोघांनाही फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी जीप आली. कोट घातलेला गाईड उतरला, सगळी माहिती तोंडपाठ. गुफेच्या तोंडाशी लच्छूदादानं सवयीनं कनवटीला हात घातला, तसे साहेब म्हणाले, "ए, तू मागं राहा. मध्ये बोलू नकोस. आणि तो कचरा पाण्यात टाकायचा नाही."

लच्छूदादानं कापूस परत खोवला आणि सगळ्यांच्या मागं चालू लागला.

गाईड हातात बॅटरी घेऊन पुढं, त्यामागं साहेब, मग गॅसबत्ती धरलेले गुरुजी. गाईड आमच्याकडे तोंड करून उलटा चालत सांगत होता, "सदर जलाशय येथून पन्नास पावलांवर..."

आणि धप्पकन कमरेपर्यंत पाण्यात! बॅटरी गेली. पण माणूस चोख. पाण्यात उभ्या उभ्या त्यानं वाक्य पुरं केलं, "...आहे."

गुरुजींना खोकल्याची मोठी उबळ आली. लच्छूदादानं पुढं होऊन हात दिला आणि गाईडला वर ओढलं.

साहेब कडाडले, "तुला माहीत होतं ना? सांगितलं का नाहीस?"

"तुमीच म्हनलं, साहेब. बोलू नोको म्हून."

गाईडच्या कोटातून पाणी ठिबकत होतं. हळूहळू लाटा विरल्या, तळं पुन्हा निश्चल झालं आणि पुन्हा दिसेनासं झालं. साहेबांनी एक पाय उचलला, तसाच जागेवर ठेवला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सगळीकडे नुसता खडक.

मग त्यांनी डोक्यावरची हॅट काढून हातात घेतली आणि हळू आवाजात म्हणाले,

"लच्छूजी, कापूस टाका."