द्वारकाबाईचं बुटकं पिस्तूल

सत्त्याण्णव साली टेंभुर्णीच्या पारावर दुसरा विषयच नव्हता. बाईच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असावा, फार तर चांदीचा छल्ला असावा. द्वारकाबाईच्या कमरेला पिस्तूल कसं, या काळजीनं कितीतरी रिकामटेकड्यांचं जेवण पचेनासं झालं होतं.

पिस्तूल तिच्या सासऱ्यानं हैद्राबादेहून आणलेलं. इतकं बुटकं, की नवऱ्यानं, म्हणजे बद्रीनाथनं, ते हातात धरलं की करंगळीला जागाच उरत नसे, ती खाली लोंबकळत राही. धान्य घेऊन लांबलांबच्या बाजारांना एकट्यानं जाणारा माणूस तो. सदऱ्याखाली दडेल असंच हत्यार त्याला बरं वाटायचं. मग एका सकाळी त्याला लकवा मारला आणि उजवा हात कायमचा मांडीवर येऊन पडला. त्यानं सगळ्यांशी भांडून पिस्तुलाचा परवाना बायकोच्या नावावर करवून घेतला, आणि शेताचा कारभारही तिच्या हाती दिला.

हे झोंबलं धाकट्या भावाला, भुजंगला. भुजंग माणूस वाईट नव्हता, पण घरात मोठ्यानंतर आपण, हे त्यानं लहानपणापासून गृहीत धरलेलं. जालन्याच्या नेमबाजांमध्ये त्याची ऊठबस होती, स्पर्धेचं लांब नळीचं पिस्तूल होतं, आणि त्याच तोऱ्यात त्यानं कचेरीत अर्ज ठोकला: वहिनींना हत्यार झेपत नाही, परवाना रद्द करावा.

भावकी जेवायला जमली तेव्हा त्यानं सगळ्यांसमोर विषय काढला. "वहिनी, मी काय वाईट बोलून राह्यलो का? पिस्तूल म्हंजी खेळणं न्हाई. दादाच्या मागं कुणीतरी मर्दानं बराबर बघाया पाहिजे."

"मागं कशाला, भाऊजी? ते हे काय, समोर बसून भाकर खाऊन राह्यले," द्वारकाबाई म्हणाली.

लोक हसले आणि भुजंग पेटला. "मंग असं करा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जालन्यात परवानेवाल्यांची स्पर्धा हाय. ह्याच पिस्तुलानं पहिल्या तिघांत नंबर काढा, मी अर्ज मागं घेतो. न्हाई निघाला तर पिस्तूल बी माझ्या नावावर, अन् वावराचा कारभार बी माझ्याकडं."

द्वारकाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. बद्रीनाथनं डोळ्यांनीच हो म्हटलं.

"बिलकुल," ती म्हणाली. "नाव द्या माझं."

हो म्हणणं सोपं होतं. तसलं पिस्तूल जवळच्या धोक्यासाठी असतं, लांबच्या कागदावरच्या काळ्या गोलासाठी नाही. नळी आखूड, त्यामुळं नेम धरायची डोळ्यापुढची खाच आणि नळीच्या टोकावरची माशी एकमेकींना खेटून. हात दोऱ्याएवढा हलला तर गोळी वीतभर भलतीकडं जाते. शिवाय हलकं असल्यानं बार झाला की मनगटाला हिसका बसतो. पहिल्या सरावात तिच्या गोळ्या कागद सोडून मातीच्या बांधात गेल्या. ती घरी आली आणि चुलीपुढं बसून रडली. कारभार गेला तर आपण याच घरात परक्या होऊ, ही भीती तिनं नवऱ्याला बोलून दाखवली.

बद्रीनाथची जीभ जड झाली होती, पण डोकं शाबूत होतं. "तू चाप आवळून राह्यली," तो सावकाश म्हणाला. "चाड्यावर मूठ कशी धरती? तशी धर."

शिवारात पेरणीला तिफणीच्या चाड्यावर, बी सोडायच्या त्या लाकडी वाटीवर, मूठ धरावी ती द्वारकाबाईनंच, असा लौकिक होता. तिफण चालत असते, बैल चालत असतात, आणि मुठीतून चाड्यात दाणा एकसारखा सुटत राहतो. मूठ आवळली की दाणा अडकतो, सैल सोडली की ढीग पडतो. दाणा सुटला हे पेरणाऱ्या बाईला कळतसुद्धा नाही, इतका तो आपोआप सुटावा लागतो. तिनं डोळे पुसले, पिस्तूल रिकामं आहे याची खात्री केली आणि भिंतीवरच्या डागावर नेम धरला. बद्रीनाथनं डाव्या हातानं नळीवर ज्वारीचा दाणा ठेवला. चाप ओढल्यावर दाणा पडला की नेम चुकला, असा दोघांचा कायदा ठरला. गोळ्या महाग आणि मोजक्या, म्हणून सगळा पावसाळा असाच रिकाम्या पिस्तुलावर गेला. करंगळीची अडचण तिला नव्हतीच. तिच्या हाताला ती मूठ मापून केल्यासारखी बसायची. दसरा येईतो दाणा नळीवर बसून राहायला शिकला.

खंडेनवमीला तिनं पिस्तुलाची पूजा केली, आणि इथंच घोळ घातला. कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ यांना लावतात तसं तिनं पिस्तुलालाही सढळ हातानं हळदकुंकू लावलं, वर नारळाचं पाणी शिंपडलं. लोखंडाला जे चालतं ते यंत्राला चालत नाही, हे देवाला माहीत असेल, तिला नव्हतं. दसरा उलटून सकाळी निघताना तिनं वरवर पुसलं, पण आत गेलेलं आतच वाळलं.

जालन्याच्या मैदानावर लोक लांब नळ्यांची, लाकडी मुठींची हत्यारं काढून बसले होते. द्वारकाबाईनं आपलं काढलं तेव्हा एकानं विचारलं, "बाई, ह्याच्यानं बिडी पेटवता का?" तिनं हात लांब करून नेम धरला. पहिली गोळी काळ्या गोलात गेली. दुसऱ्या गोळीला पिस्तूल अडकलं.

पंच जवळ आले, पिस्तूल उघडलं आणि त्यांच्या बोटाला पिवळा-लाल चिखल लागला. "पूजा लई मनापासून केली, बाई," ते म्हणाले. "पण अडकलं ते तुमचं. ही गोळी धरता येणार न्हाई." मागं हशा पिकला. एक गोळी फुकट गेली होती आणि त्या गोळीबरोबर बहुधा सगळंच. पंचांच्या देखरेखीखाली तिनं पिस्तूल पदरानं पुसलं, तेलाचा बोळा फिरवला. पलीकडच्या जागेवर भुजंग शांतपणे नेमक्या गोळ्या टाकत होता.

तिनं पुन्हा हात उचलला तेव्हा माशी गोलाखाली ठरेना. हात तिनं खाली घेतला. पुन्हा उचलला. हसणारे, भावकी, कचेरीतला अर्ज, सगळं तिनं बांधापलीकडं ठेवलं आणि फक्त माशीकडं पाहत राहिली. बार कधी झाला तिला कळलं नाही. पुढचाही कळला नाही. तिला एवढंच जाणवत होतं की दाणा सुटतोय, बरोबर ओळीत पडतोय. उरलेल्या सगळ्या गोळ्या तिनं त्याच तालात पेरल्या.

कागद जवळ आणला तेव्हा बिडीवाला पुढं होऊन बघायला लागला. गोलाच्या मधोमध भोकं एकात एक मिसळली होती. एक गोळी फुकट जाऊनही द्वारकाबाईचा नंबर दुसरा आला. पहिला आला एका निवृत्त फौजदाराचा. भुजंग चौथा होता.

नाव पुकारलं तशी ती पुढं गेली, आणि पदर सावरायचंसुद्धा तिला सुचलं नाही. आयुष्यात इतका आनंद तिला कधी झाला नव्हता. भुजंग तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "अर्ज उद्याच मागं घेतो, वहिनी," तो म्हणाला. "कारभाराचं बी पुन्हा कधी बोलणार न्हाई."

दोरीपलीकडं खुर्चीत बसलेल्या बद्रीनाथला टाळी वाजवायची होती, आणि एका हातानं ती वाजत नव्हती. तो डावा हात नुसता हवेत हलवत होता, तोंडानं काहीतरी म्हणत होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं. भुजंग त्याच्याजवळ गेला, खुर्चीशेजारी मांडी घालून बसला आणि आपला उजवा तळवा त्यानं भावापुढं धरला. बद्रीनाथनं त्यावर टाळी दिली, मग दुसरी दिली, आणि लोक पांगले तरी तो देतच राहिला.