रुग्णासोबत आलेली बाई

शिवणकाम करणाऱ्या बाईंना रुग्णालयाच्या समितीवर घेतलं तेव्हा त्यांना विचारलं नव्हतं, असं म्हणता येणार नाही. विचारलं होतं. पण त्या घडीला त्या नवऱ्याची चप्पल शोधायला बाकाखाली वाकल्या होत्या, आणि वाकलेल्या माणसाच्या तोंडून 'हो' लवकर निघतं.

विचारणारी होती रुग्णालयातली समाजसेविका. तरुण, बोलायला गोड, सतत कुठेतरी पोचायला उशीर झालेली. मूत्रपिंडाच्या विभागाचं नवं नियोजन चाललं होतं, आणि वरून हुकूम आला होता की या वेळी रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना विचारूनच काय ते ठरवा. समाजसेविका म्हणाली, तुम्ही गेली किती वर्षं इथे येताय, तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तुम्ही नुसतं येऊन बसा. बसायचंच तर आहे, असं बाईंना वाटलं. चप्पल सापडली, नवऱ्याच्या पायात सरकवली आणि त्या समितीच्या सभासद झाल्या.

विभागात त्यांना सगळे टेलरबाई म्हणत आणि त्यांच्या नवऱ्याला ड्रायव्हरसाहेब. साहेब शहराच्या बसवर ड्रायव्हर होते. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत मूत्रपिंडांनी हात टेकले. तेव्हापासून दिवसाआड रुग्णालयात यायचं, खुर्चीत पडायचं, हाताला सुया टोचून घ्यायच्या आणि अंगातलं रक्त यंत्रातून धुऊन परत आत घ्यायचं. येता-जाता बसमध्ये बसले की नव्या ड्रायव्हरने गिअर टाकल्याबरोबर यांच्या कपाळाला आठी पडे. "क्लच जाळणार हा," असं ते बायकोच्या कानात सांगत. बाई मान हलवत. त्यांच्या डोक्यात खोळंबलेले गणवेश असत.

घर म्हणजे एक मोठी खोली, तिला लागून ओटा आणि मोरी. खिडकीशी शिलाई मशीन. शाळांचे गणवेश, पडदे, पँटीची उंची कमी करणं, चेन बदलणं, असलं काम. कातरलेल्या कपड्यांचा भुसा खोलीत कायम उडत असे. मुलगी लांब दिलेली, तिची स्वतःची दोन लहान पोरं. फोन यायचा, काळजी यायची, ती स्वतः काही येऊ शकत नव्हती, आणि बाईंचीही तशी अपेक्षा उरली नव्हती.

समितीच्या पहिल्या काही बैठका बऱ्या गेल्या. वरच्या मजल्यावर लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली, भिंतीवर चित्रं दाखवणारं यंत्र, ते सुरू करायला दर वेळी खालून कुणाला तरी बोलवावं लागे. बाईंनी एकदा सांगितलं की बायकांच्या संडासाला आतून कडी नाही, बाहेर कुणीतरी दार धरून उभं राहावं लागतं. मोठे डॉक्टर म्हणाले, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. पुढच्या खेपेला कडी बसलेली होती. बाईंना त्या दिवशी उगाचच बरं वाटलं होतं. घरी येऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं.

मग ती बैठक आली.

त्या दिवशी रुग्णांनाही बोलावलं होतं. ड्रायव्हरसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून बायकोशेजारी बसले. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की खुर्च्या थोड्या आहेत आणि माणसं वाढताहेत. काही जणांची पाळी यायच्या आत वेळ निघून जाते. यावर उपाय असा, की ज्यांना जमेल त्यांनी घरीच पोटातून डायलिसिस करायचं. पोटात एक नळी बसवतात, तिच्यातून पिशवीतलं औषधी पाणी आत सोडायचं, काही तासांनी बाहेर काढायचं, नवी पिशवी लावायची. दिवसातून चार वेळा, रोज. पिशव्या सरकार देईल. घरातल्या एका माणसाला आठवडाभर शिकवलं की झालं. फक्त स्वच्छता कडक पाळायची, पोटात जंतू गेले तर जिवावर बेततं.

रुग्णांचे चेहरे उजळले. रुग्णालयाच्या वाऱ्या संपणार, सुया संपणार. एक जण तर म्हणाला, मी माझ्या गादीवर पडून वर्तमानपत्र वाचीन. सगळे हसले. ड्रायव्हरसाहेबांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

"डॉक्टर, माझं नाव आधी लिहा. आमच्या घरात काही अडचण नाही. हिच्या हाताला वळण आहे, आयुष्य सुईदोऱ्यात गेलंय. ही चुटकीसरशी शिकेल."

सगळ्यांनी बाईंकडे कौतुकानं पाहिलं. समाजसेविका लिहीतच होती. म्हणाली, म्हणजे टेलरबाईंचंही हो धरते.

बाईंच्या डोळ्यांपुढे खोली आली. भिंतीला लागून छतापर्यंत रचलेली पिशव्यांची खोकी. बंद ठेवायची खिडकी. साबणानं कोपरापर्यंत धुतलेले हात, मग मशीनला हात लावायचा नाही, मग पुन्हा धुवायचे. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, निजायच्या आधी. आणि एक गोष्ट होती जी त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. नवरा खुर्चीत असे तेवढे तास त्या बाहेरच्या बाकावर हनुवटी छातीला टेकून गाढ झोपत. त्या झोपेत त्यांना काळजी नसे. आत सिस्टर होत्या, यंत्र होतं, काही झालं तर धावणारी माणसं होती. आठवड्यातली तेवढीच झोप खरी, घरातली नुसती डोळे मिटण्यापुरती.

"माझं 'नाही' लिहा," त्या म्हणाल्या.

समाजसेविकेला वाटलं ऐकण्यात चूक झाली. ड्रायव्हरसाहेब वळून बघत राहिले. "अगं, काय बोलतेस?"

"इथे तुमचा जीव यांच्या हातात असतो," बाई टेबलाकडे बघत म्हणाल्या. "घरी आणला की माझ्या हातात येईल. रोज. माझ्याच्यानं नाही होणार."

मोठे डॉक्टर रागावले नाहीत. तेही दमलेले दिसत होते, डोळ्यांखाली काळं आलेलं. त्यांनी सरळ विचारलं, "खाली एक बाई पाळीची वाट बघत बसली आहे. तिला मी काय सांगू?"

"ते मला नाही माहीत," टेलरबाई म्हणाल्या. खरंच त्यांना माहीत नव्हतं. ती बाई त्यांनीही पाहिली होती, सुजलेल्या पायांची, स्वेटर घातलेली.

बैठक संपली. जिन्यात त्यांना चष्म्याच्या दुकानाचे म्हातारे मालक भेटले. त्यांची बायको आजारी होती आणि त्यांनी मघाशी आनंदानं होकार दिला होता. ते कठड्याला धरून थांबले आणि हळूच म्हणाले, मलाही तेच म्हणायचं होतं, पण ती शेजारी बसलेली, कसं म्हणणार. बाई खाली उतरल्या, नवऱ्याला बाकावर बसवलं आणि परत वर गेल्या. समाजसेविका कागद आवरत होती.

"आम्हाला विचारायचं तर वेगळं विचारत जा," त्या म्हणाल्या. "आजारी माणूस शेजारी बसलेला असताना खरं कोण बोलणार? मी बोलले, आता मला घरी जायचंय."

घरी जाईपर्यंत साहेबांनी अक्षर काढलं नाही. बसच्या ड्रायव्हरनं गाडी वाटेल तशी हाकली तरी त्यांनी कपाळाला आठी घातली नाही, यावरून बाईंनी ओळखलं की प्रकरण खोल गेलंय. पुढचे काही दिवस बोलणं औषधापुरतं, पाण्यापुरतं. नणंदेचा फोन आला. भावानं तिला सगळं सांगितलं होतं. वन्सं म्हणाल्या, वहिनी, तुझं चुकलं असं मी म्हणत नाही, पण चारचौघांत नको होतं. बाई म्हणाल्या, खरंय वन्सं. त्यांनाही ते चारचौघांत नकोच होतं. पण एकट्यात त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

एका दुपारी त्या पँटीला टीप घालत होत्या तेव्हा पलंगावरून आवाज आला.

"मी ओझं झालोय तुला. असंच ना?"

बाईंनी मशीन थांबवलं. नाही म्हणणं सोपं होतं, आणि इतकी वर्षं त्या तेच म्हणत आल्या होत्या.

"झालाय," त्या म्हणाल्या. "ते मी खाली ठेवत नाहीये. वर आणखी ठेवू नका, एवढंच म्हणतेय."

साहेब भिंतीकडे तोंड करून पडले. बाईंनी टीप पूर्ण केली. ती वाकडी गेली, उसवावी लागली.

पुढच्या खेपेला बाई बाकावर झोपल्या असताना साहेबांनी खुर्चीतूनच शिकवणाऱ्या सिस्टरला बोलावून घेतलं आणि सांगितलं, मला शिकवा. सिस्टर म्हणाली, आम्ही घरच्या माणसाला शिकवतो. साहेब म्हणाले, मी घरचाच आहे, पिशवी माझ्या पोटात जाणार, मग मला का नाही? त्यांची बोटं थरथरत, डाव्या डोळ्यानं कमी दिसे. सिस्टरनं डॉक्टरांना विचारलं, डॉक्टरांनी जरा विचार करून हो म्हटलं. एका आठवड्याचं शिक्षण साहेबांना महिना पुरलं. पण शिकले. नळी बसली, खोकी आली. बाईंनी कोपऱ्याला धुता येणारा जाड पडदा शिवून दिला, एवढाच त्यांचा हातभार. काम चालू असताना त्यांना आत यायची बंदी होती.

साहेब ते काम डेपोतून बस काढल्यासारखं करत. आधी सगळं जागच्या जागी आहे का बघायचं, मग हात धुवायचे, तोंडाला मास्क, मग पिशवी टांगायची. मध्ये कुणी बोललेलं चालत नसे. बाई पायरीवर जाऊन बसत. हात मोकळे झाले होते, कान मात्र पडद्याशी अडकलेले. काही पडलं का, खोकला आला का, इतका वेळ शांत का. आणि आता रुग्णालयातला तो बाकही गेला होता. दमणूक होती तेवढीच राहिली. फरक इतकाच की साहेब परत बोलायला लागले. शेजाऱ्यांना पडदा सरकवून खोकी दाखवत, मुलीला फोनवर सांगत की तुझा बाप आता स्वतःचा डॉक्टर झालाय.

हिवाळा असा गेला. मग एका सकाळी पोटातून आलेलं पाणी गढूळ निघालं. साहेबांनी ते लपवलं नाही, पिशवी उजेडाला धरून बायकोला हाक मारली. दुपारपर्यंत ताप चढला, पोट लाकडासारखं झालं. ॲम्ब्युलन्स आली. पोटात जंतू गेले होते. साहेब वाचले, पण नळी काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा खुर्चीच. त्यांची जुनी पाळी त्या सुजलेल्या पायांच्या बाईला मिळाली होती, म्हणून यांना संध्याकाळची शेवटची पाळी मिळाली. परत येताना बस मिळेल की नाही याची चिंता.

वॉर्डात बाई उशाशी बसल्या होत्या. आपलं खरं ठरलं, याचा आनंद होतोय का म्हणून त्यांनी मनाशी चाचपून पाहिलं. काहीच हाताला लागलं नाही.

"हात मी नीट धुतले होते," साहेब म्हणाले.

"माहितीये मला."

"दर वेळी."

"ऐकत होते ना मी," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

विभागाची योजना छापून आली. तिच्यात एक कलम होतं, की घरच्या माणसाचं मत रुग्णासमोर न घेता वेगळ्या खोलीत घ्यावं. दुसरं होतं, की ज्या रुग्णाला जमेल त्याला स्वतःलाच शिकवावं. समाजसेविकेनं दोन्ही कलमं बोट ठेवून दाखवली. बाईंनी आणखी एक मागितलं होतं. सांभाळणाऱ्या माणसाला महिन्यातून चार दिवस विसावा मिळावा, तेवढे दिवस आजारी माणसाला वॉर्डात ठेवून घ्यावं. त्यावर पुढच्या वर्षी विचार करू, असं ठरलं होतं. बाई म्हणाल्या, बरं. चष्मेवाल्यांची बायको दरम्यान गेली होती, त्यांना त्या विसाव्याची गरज उरली नव्हती.

पुढच्या बैठकीसाठी फोन आला तेव्हा बाईंनी सांगून टाकलं, आता मला नका बोलावू. समाजसेविका अजिजी करायला लागली. साहेबांनी पलंगावरून हात पुढे केला, फोन मागून घेतला.

"मी येतो," ते म्हणाले. "रुग्ण म्हणून. ही नाही येणार."

ते एकटे गेले. बाईंनी त्यांना बसथांब्यापर्यंत सोडलं, बसमध्ये चढेपर्यंत पाहिलं आणि परतल्या. शाळा सुरू व्हायला आली होती, बाह्या जोडायच्या राहिल्या होत्या. एक बाही जोडली. मग म्हटलं, जरा पाठ टेकावी.

जाग आली तेव्हा साहेब दारात चपला काढत होते. दिवस बराच कलला होता. त्यांनी भिंतीला धरून श्वास घेतला, पलंगावर बसले आणि हकीकत सांगितली. विसाव्याचं त्यांनी काढलं होतं. पैसा नाही, पुढच्या वर्षी बघू, असंच परत म्हणाले सगळे. डॉक्टर तर म्हणाले, हे तुम्ही रुग्ण असून मागताय?

"मग तुम्ही काय म्हणालात?" बाईंनी विचारलं. त्या अजून आडव्याच होत्या.

"म्हटलं, पुढच्या महिन्यात परत मागीन." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "पड तू. मला काही नकोय आत्ता."

बाई पडून राहिल्या.