बोडका झेंडू

आमच्या शेडनेटमध्ये रोपांना पाणी घालता घालता इतके किस्से साठलेत, की सांगायला बसलं की चहा गार होतो!

जळगावजवळच्या एका संशोधन केंद्रात मी रोपं सांभाळते. तिथे सारिका झेंडूवर पीएच.डी. करते. तिच्या काही झाडांच्या फुलांना पाकळ्याच नसतात. नुसता पिवळसर झुपका! आम्ही त्याला बोडका झेंडूच म्हणतो.

असं पहिलं फूल उमललं तेव्हा सारिका आनंदाने नाचली. दुसऱ्या दिवशी माळीकाम करणारे आमचे नाना पाठीवर पंप लावून हजर!

"ताई, अळीनी बठ्ठ्या पाकळ्या खाई टाक्यात. फवारी टाकू का?"

*

मी एकदा सारिकाला विचारलं, "असं होतं तरी कसं गं?"

"काकू, फुलात पाकळी कुठे, पराग कुठे, हे जनुकं ठरवतात. मुकादमच समजा."

"मग या झाडाचा मुकादम?"

"रजेवर!"

*

तिची आई पाचोऱ्याहून आली. झाडाकडे बराच वेळ बघत राहिली.

"इतकी शिकलीस, आणि झेंडूला पाकळ्या येईनात?"

"आई, पाकळ्या नाहीत म्हणूनच तर माझी पीएच.डी. होतेय!"

"बरं. पण बघायला येणाऱ्या पाहुण्यांना हे सांगू नको!"

*

बोडक्या फुलात पराग नसतात. सारिकाने निवडलेल्या झाडांचे पराग ब्रशने त्यावर लावले, तरच बी धरतं. यंदाच्या पावसात बोडक्याची एकच कुंडी वाचली. बी धरलं नाही, तर पोरीचं वर्ष वाया.

खंडेनवमीला ती सकाळीच ब्रश घेऊन आली. निवडलेल्या झाडांवर एकही फूल नाही! नानांनी पूजेसाठी तोडून तिच्या गाईड सरांच्या केबिनच्या दाराला तोरण बांधलेलं.

"नाना, माझी नंबरची फुलं!"

"घाबरू नको ताई, तुना एक बी नंबर मी काढा नही!"

खरंच, तोरणातल्या फुलाफुलाला तिचं लेबल लटकत होतं. सारिका रडायलाच लागली. नानांचा चेहरा उतरला. ते गेले आणि बोडक्याची कुंडी उचलून घेऊन आले.

पूजेचं तोरण सोडायचं कसं? मी स्टूल धरलं. सारिका वर चढली. नानांनी कुंडी दोन्ही हातांनी उंच धरली. ती तोरणातल्या फुलावर ब्रश फिरवायची, मग बोडक्यावर.

तेवढ्यात दार उघडून सर बाहेर आले, हातात पूजेचं ताट. आम्ही तिघं जागच्या जागी गार!

नानाच बोलले, "लगीन लागी राह्यनं, सायेब. जराखं थांबा."

सरांनी वर तोरणाकडे पाहिलं, मग कुंडीकडे. ताटातल्या अक्षता चिमटीत घेतल्या आणि बोडक्यावर टाकल्या.