मोहाखालचा डबा

परदेशात ल्यूकन गावातल्या लेकाच्या घरी मी बिस्किटांचा रिकामा डबा विसळत होते. अमेरिकेत शिकारीला निघालेल्या मुलानं फोनवरचे पिस्तुलांचे फोटो पुढे केले, "आई, अस्वलासाठी यातलं कुठलं पिस्तूल नेऊ?"

डबा हातातच राहिला. गडचिरोलीतला लग्नानंतरचा पहिला उन्हाळा आठवला. हे मोहफुलं वेचायला निघाले होते, आणि मोहाखाली अस्वलं येतात. दीर आपलं पिस्तूल देत होते. 'पिस्तूल नको' असं सगळ्यांसमोर बोलवेना, म्हणून मी अस्वलं आवाजानं दूर राहावीत म्हणून वाजवायला रिकामा डबा आणि काठी पुढे केली.

"वहिनी, अस्वलाची वरात काढताय का?" दीर हसले. हे डबाच घेऊन गेले.

दुरून तो वाजत राहिला. तेव्हा जीव मुठीत धरून ऐकला, आज गोड वाटतो.

मी मुलाला डबा दिला.

"आई, यानं हरणंही पळतील!"

"पळू देत. तू रोज फोन तेवढा कर."