मल्हारने दाखवलेली जखम

भरल्या नाट्यगृहासमोर खरेखुरे अश्रू काढणारे नट मी पुष्कळ पाहिले. पण एकाच माणसासमोर खरं बोलायला लागतो तो धीर मी पाहिला आमच्या मल्हारकडे.

मल्हार माझ्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो. मूळचा सांगोल्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. इथे टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतो. त्या खडखडाटात वर्षानुवर्षं राहून त्याला कमी ऐकू येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बोलताना तो माझ्या ओठांकडे बघायचा. रंगमंचावर आयुष्य काढलेल्या बाईला तेवढं पुरतं. वाक्य अडलं की आम्हीही विंगेतल्या प्रॉम्प्टरचे ओठच वाचायचो. मागावरची माणसंसुद्धा अशीच बोलतात, आवाज न काढता, ओठ आणि हात हलवून.

त्याला मोबाइलवरच्या एका गेमचा भारी नाद. त्यात तो योद्धा आणि सोबतीला नैरा नावाची तिरंदाज. "आज्जी, हिचं समदं बोलणं खाली लिवून येतंय. एक शब्द चुकत न्हाय बगा," तो सांगायचा. नैरा काही विचारायची, खाली तीन उत्तरं यायची, आणि आवडतं उत्तर दिलं की एक लाल बदाम वाढायचा. बदाम पुरेसे झाले की ती याच्या प्रेमात पडणार होती.

एका सुट्टीच्या दिवशी तो पडलेल्या चेहऱ्याने खाली आला. "आज्जी, नैरा गेली की सोडून."

"काय केलंस रे तिला?"

लढाईत त्याच्या योद्ध्याच्या खांद्याला जखम झाली होती. नैराने विचारलं, दुखतंय का? तीन उत्तरं होती: हसण्यावारी नेणं, 'काही नाही' म्हणणं, किंवा जखम दाखवणं. याने 'काही नाही' निवडलं. पुढच्या लढाईत तो हात उचललाच गेला नाही आणि घाव तिला बसला. जाताना ती म्हणाली, "तू मला तुझ्या बाजूने उभंच राहू दिलं नाहीस."

"मग दाखवायची होती की जखम!"

"पुरुषानं रडगाणं गायाचं व्हय? मला वाटलं, मर्दासारकं बोललं की बदाम वाढंल."

मी हसले, पण तो हसला नाही. मग खरं दुखणं बाहेर आलं. त्याचं लग्न जमत होतं. मोहोळची रुपाली, शिवणकाम करणारी. दोनदा भेट झाली होती, मुलगी त्याच्या मनात भरली होती. ती हळू बोलायची आणि हा न ऐकताच माना डोलवायचा. चुलत्याने, बिरुदेवने, दम भरला होता, "कानाचं तोंडातनं काढू नगंस. लगीन झाल्यावर कळंल तिला." रविवारी मुलीकडची माणसं शेवटचं ठरवायला येणार होती, आणि मल्हारचे आईवडील गावी असल्याने बैठक माझ्याच खोलीत होती.

"गेम मागं नेता येतोय," तो म्हणाला. "हितं न्हाय येत."

"मग आधी तिथे तालीम कर," मी म्हटलं.

त्याने माझ्यासमोरच गेम मागे नेला. जखम दाखवण्याच्या उत्तरापाशी त्याचं बोट तीनदा जाऊन मागे आलं, मग एकदाचं टेकलं, आणि या वेळी नैरा थांबली. खोट्या बाईला खोटी जखम दाखवायची, तरी कपाळावर घाम! अशी तालीम मी आमच्या नाटक कंपनीतही क्वचितच पाहिली.

रविवारी रुपाली आली, तिची आई चिमाबाई आली. चहा झाला. बिरुदेव सुपारी फोडण्याची तारीख काढणार, एवढ्यात मल्हार उठून रुपालीसमोर बसला.

"मला ऐकू कमी येतंय. डावा कान गेल्यातच जमा. तुमी बोललेलं निम्मं मला कळलंच न्हाय. न कळता व्हय म्हनलो." बिरुदेवने कपाळाला हात लावला. मल्हार थांबला नाही. "गेममधल्या एका बाईपाशी हे लपवलं, तर ती गेली. तुमी जाऊ नये वाटतंय, म्हनून सांगतोय."

चिमाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "मी बी मागावर सुताच्या कांड्या भरल्यात, जल्मभर. आमच्या घरात निम्मं बोलणं हातानंच चालतंय."

रुपालीने मान वर केली आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून काहीतरी विचारलं. तिची पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे प्रश्न मला वाचता आला नाही. मल्हारचा चेहरा तेवढा मला दिसला, आणि दिवे लागताना रंगमंच उजळतो तसा तो उजळत गेला. कधी नव्हे ते त्याला सगळंच्या सगळं ऐकू आलं होतं.

"न्हाय!" तो नेहमीच्या मोठ्या आवाजात गरजला. "तिला काय सोडत न्हाय मी!"

"कुनाला रं?" बिरुदेव ताडकन उठला. "आनि कोन हाय?"

रुपाली पदर तोंडात धरून हसत सुटली. "गेममधलीला, मामा. तिला सोडनार का, म्हनून मीच इचारलं," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या तिला. तिच्यामुळंच खरं बोलाय शिकले ह्ये." मग आईकडे वळून, "आये, काढा तारीख."