भावाची कबर शोधताना

मालवणात एका इंजिनिअरच्या ऑफिसात मी घरांचे नकाशे काढायचो. ब्रॉडबँड आलं आणि उपग्रहाचे नकाशे आमच्या पडद्यावर दिसू लागले. तारकर्लीकडे कुणाला हॉटेल बांधायचं असलं की जागा किनाऱ्यापासून किती आत आहे, रस्ता कुठून येतो, हे आधी तिथेच बघायचं. काम नसलं की सगळे आपापल्या घराचं छप्पर शोधायचे.

त्याच सुमारास माझा मोठा भाऊ आखातात वारला. तो तिथे एका गॅरेजात होता. रात्री झोपला तो उठलाच नाही, असं त्याच्या खोलीतल्या दोस्ताने फोनवर सांगितलं. मय्यत इथे आणायला फार दिवस लागले असते, म्हणून अब्बांनी तिथेच दफन करायला सांगितलं. इथे मशिदीत नमाज झाली. लोक येऊन गेले. मला रडू आलं नाही. चौथ्या दिवशी मी कामावर गेलो आणि अर्धवट राहिलेला एक जिना पुरा केला.

अब्बा उभा जन्म मच्छीमारीच्या होडीवर होते. एका दुपारी ते धुतलेला सदरा घालून ऑफिसात आले. म्हणाले, "माका ती जागा बघूची आसा."

साहेब जेवायला गेले होते. मी अब्बांना खुर्ची दिली आणि दोस्ताला फोन लावला. त्याने शहराबाहेरचा मोठा रस्ता, एक गोल चौक, पुढे पाण्याची टाकी अशा खुणा सांगितल्या. मी माऊस सरकवत गेलो. टाकी सापडली. तिच्या पलीकडे भिंतीने वेढलेली तपकिरी जमीन होती. आणखी जवळ गेलो तर चित्र फुटायला लागलं. एकही झाड नव्हतं.

"हीच काय?" अब्बांनी विचारलं.

मी म्हटलं, नक्की सांगता येणार नाही. शिवाय फोटो जुना असणार, भावाच्या आधीचा.

"हीच धरूया," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "दर्या खंय?"

मी चित्र डावीकडे ओढत राहिलो. रस्ते, गोदामं, नुसती वाळू, पुन्हा रस्ते. पाणी यायला बराच वेळ लागला. ते आलं तसे अब्बा उठले. चहा मागवतो म्हटलं, तर नको म्हणाले. मी पुन्हा कामाचा नकाशा उघडला. खिडकीतून ते एसटी स्टँडकडे चालत जाताना दिसले, नेहमीच्याच चालीने.

संध्याकाळी घरी अम्मीने मला काहीच विचारलं नाही. जेवताना अब्बांच्या ताटात कढी वाढता वाढता तिने त्यांनाच विचारलं, "थंय सावली आसा?"

"आसा," अब्बा म्हणाले. "दर्याय जवळच आसा."

तिने मान हलवली आणि माझ्या पानात भात वाढला. मी जेवत राहिलो. बांगड्याच्या कढीला त्या दिवशी मीठ नव्हतं, पण ते कुणीच मागितलं नाही.

पुढे कधीतरी दोस्त सुट्टीवर आला. त्याला विचारून जागा पक्की करता आली असती. तो आमच्याकडे बसला, भावाची बॅग देऊन गेला. अब्बांनी विचारलं नाही, मीही नाही.